हुगळीवर आम्ही दोघे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला अर्धा तास दिला आहे. त्यानंतर आरती आणि आरतीनंतर महिला विभागाचे बटाटेवडे आहेत. त्यामुळे अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला तर श्रोते मला माफ करणार नाहीत, याची मला पूर्ण जाणीव आहे. समितीचा आग्रह असा की, "तुम्ही दोघे होडीतून सागरद्वीपापर्यंत जाऊन आलात, त्याबद्दल बोला." मी आयुष्यभर हावड्याच्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करत आलो. व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. तरी जे पाहिले ते सरळ सांगतो.

आपण बहुतेक सगळे या शहरात रेल्वेने आलो. कुणी मेलने, कुणी गीतांजलीने. हावड्याला उतरलो, टॅक्सीत बसलो, पुलावरून खाली पाणी दिसले. गंगेला हात जोडले आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्या पाण्याशी आपला संबंध आला तो बाबूघाटाची फेरी, आप्तांच्या अस्थी आणि बाप्पाचे विसर्जन एवढ्यापुरता. वास्तविक हे शहर वसले ते या नदीतून जहाजे येत होती म्हणून. समुद्र इथून नदीच्या वाटेने दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, तरी त्याची भरती रोज दोनदा आपल्या घाटापर्यंत येते.

आमची सौ. देवगडकडची. तिचे बालपण खाडीकाठी गेले. निवृत्तीनंतर मी एका जुन्या सहकाऱ्याबरोबर भागीत एक लाकडी होडी घेतली. सव्वीस फुटी, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, वर ताडपत्रीचे छत. इथे तिला भुटभुटी म्हणतात. इंजिन सुरू केले की नाव का पडले ते विचारावे लागत नाही. सौ.ने होडी पाहिली आणि म्हणाली, "अहो, घेतलीत ते बरं केलंत. पण ही घाटाला बांधून ठेवायला नाही घेतलेली."

झाले! जायचे ठरले. सोबतीला काकद्वीपकडचे एक वयस्क माझी घेतले. आम्ही त्यांना माझीदा म्हणायचो, ते मला दादा आणि सौ.ला बौदी म्हणायचे. माघी गणपती झाला, दुसऱ्या दिवशी वसंत पंचमीला पाड्यातली सरस्वती पूजा झाली आणि षष्ठीला आम्ही निघालो. तिथी मुद्दाम सांगतो आहे, कारण पाण्यावर सगळे तिथीवर चालते.

कोकणातल्या मंडळींना माहीत असेल, तिथे भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनात असते, पाणी कमी चढते, कमी उतरते. त्याला आपण भांग म्हणतो. बंगालीत उधाणाला 'भरा कोटाल' आणि भांगाला 'मरा कोटाल' म्हणतात. आमचा बेत भांगाच्या दिवसांत जाऊन पौर्णिमेच्या आत परतायचा होता.

सौ.ने हिशेब केला, षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. माझीदा म्हणाले, "ना बौदी, आठटा." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. भरती समुद्रातून आत शिरते, आधी सागरला पोचते, मग डायमंड हार्बरला आणि कोलकात्याला यायला तिला सुमारे चार तास लागतात. शिवाय वर येता येता नदी अरुंद होत जाते. म्हणून इथे भरती थोडा वेळ आणि जोरात चढते, ओहोटी मात्र बराच वेळ रेंगाळते. उधाणाच्या दिवसांत तर भरतीचे तोंड भिंतीसारखे उभे राहून वर धावत येते. तेच ते 'बान'. घाटावर आंघोळ करणाऱ्यांना पोलिस भोंग्यावरून बाहेर काढतात ते यासाठी. बान येतो म्हटल्यावर नावाडी काठ सोडून नदीच्या मध्यावर जातात, कारण लाट फुटते ती उथळ काठावर. खोल पाण्यात होडी नुसती वर उचलली जाते आणि खाली येते. काठ म्हणजे सुरक्षित, ही आपली समजूत या नदीवर चालत नाही.

सकाळी आठला पाणी फिरले आणि आम्ही ओहोटीबरोबर सुटलो. उजव्या हाताला शिबपूरचे बोटॅनिकल गार्डन, १७८७ सालचे. डावीकडे खिदिरपूर, मग मटियाब्रुज. अवधचा नवाब वाजिद अली शाह राज्य गेल्यावर १८५६ साली इथे आला आणि एकतीस वर्षांनी इथेच वारला. गार्डन रीचचा जहाजबांधणी कारखाना तिथून जवळच आहे. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका 'अजय' १९६१ साली तिथेच तयार झाली.

युद्धनौकेवरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या शहराने मराठ्यांची ओळख प्रथम भीतीने करून घेतली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली इथे खंदक खणायला घेतला, तो मराठा खंदक. मराठे तिथवर आलेच नाहीत, खंदक अर्धाच राहिला आणि १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. बर्गीच्या नावाने बंगाली आया आजही पोरांना निजवतात. आपल्याला हे ऐकून थोडे अवघडल्यासारखे होते. पण त्याच शहरातून १९६९ साली पिनाकी चॅटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक हे दोघे तरुण एका लहानशा होडीतून, इंजिन नाही, नुसत्या वल्ह्यांवर, अंदमानला गेले. तेहेतीस दिवस वल्हवत होते. त्या होडीचे नाव होते 'कान्होजी आंग्रे'! आपल्या आरमाराच्या सरखेलाचे नाव कोलकात्याच्या होडीवर आपल्यापैकी कुणी लिहिले नाही, ते इथल्या मंडळींनी लिहिले. मी हे सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तेहेतीस दिवस वल्ही मारली त्यांनी, आणि तुम्ही इंजिन असून सकाळपासून तीनदा चहा मागितलात."

पुढे बजबज. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद परदेशातून परतले ते जहाजातून इथेच उतरले आणि रेल्वेने शहरात गेले. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाजातल्या पंजाबी प्रवाशांवर गोळीबार झाला तोही इथलाच. त्याच्या खाली आचिपूर. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे बंगालमधली पहिली चिनी वसाहत झाली, साखरेचा कारखाना निघाला. कारखाना कधीच गेला, पण चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्यातले चिनी लोक अजून तिथल्या देवळात येतात. परक्या गावी वसलेल्यांना वर्षातून एकदा एकत्र जमायला देव लागतो, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

फलतापासून नदीचे रूप बदलते. उजवीकडून आधी दामोदर येऊन मिळते, मग रूपनारायण. दोघी आपापला गाळ आणून टाकतात आणि मध्ये वाळूचे बांध तयार होतात. त्यांचे नाव 'जेम्स अँड मेरी'. मला वाटले, कुणा साहेब-मडमेची नावे असतील. पण ते १६९४ साली इथे बुडालेल्या जहाजाचे नाव आहे. या वाळूवर जहाज टेकले की ओहोटीचा प्रवाह त्याला आडवे पाडतो, मग सुटका नाही. म्हणूनच कोलकात्याला येणारे मोठे जहाज, त्याचा कप्तान सातासमुद्रांचे पाणी प्यालेला असला तरी, इथला पायलट घेतल्याशिवाय वर येत नाही. वाळू जागा बदलते, कालचा नकाशा उद्या चालत नाही. याच गाळासाठी फरक्काचा बंधारा झाला आणि १९७५ पासून गंगेचे पाणी कालव्याने या नदीत सोडले जाऊ लागले. मोठ्या जहाजांसाठी १९७७ मध्ये हल्दियाची गोदी सुरू झाली.

आमची होडी उथळ, तिला जहाजाएवढी भीती नाही. तरी माझीदा तिथे एक शब्द बोलले नाहीत. पाण्याचा रंग पाहत सुकाणू धरून उभे होते. दुपारी एकच्या आत आम्ही डायमंड हार्बरला लागलो, कारण समोरून भरती यायची वेळ झाली होती. जाताना ही एक गंमत असते. आपण खाली जातो, भरती वर येते, त्यामुळे ओहोटी आपल्याला अपुरीच मिळते. परत येताना मात्र भरती आपल्याबरोबर चालते, तिची सोबत लांबपर्यंत पुरते. इंजिनाच्या जोरावर पाण्याशी भांडले तर काय होते तेही पाहिले. आवाज दुप्पट, डिझेल दुप्पट आणि काठावरचे माडाचे झाड जागच्या जागी!

डायमंड हार्बरबद्दल एक माहिती माझ्यासारख्या यंत्रवाल्याला फार आवडली. भारतातली पहिली विद्युत तारेची लाइन मुंबई-दिल्ली अशी कुठे पडली नाही. ती १८५०-५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी पडली. समुद्राकडून कोणते जहाज आले, ही बातमी व्यापाऱ्यांना लवकर हवी होती.

दुसऱ्या दिवशी काकद्वीप. तिथून पुढे पाणी इतके रुंदावते की पलीकडचा काठ नुसती रेघ वाटतो. पश्चिमेच्या काठावर खेजुरी. एके काळी तिथे बंदर होते, ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले. बंकिमचंद्रांची 'कपालकुंडला' ही कादंबरी १८६६ ची. तिची सुरुवातही याच भागातली आहे. गंगासागरहून परतणारी यात्रेकरूंची होडी धुक्यात वाट चुकते, नवकुमार लाकूडफाटा आणायला किनाऱ्यावर उतरतो, तेवढ्यात भरती येते आणि होडी त्याला सोडून जाते. कादंबरी वाचताना मला हा लेखकाचा योगायोग वाटला होता. मुडीगंगेच्या तोंडाशी आल्यावर कळले, इथे हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकते.

तिसऱ्या दिवशी मुडीगंगा ओलांडून सागरद्वीपाच्या उत्तर टोकाला, कचुबेडियाला होडी बांधली आणि बसने दक्षिण टोकाला जाऊन कपिलमुनींचे दर्शन घेतले. संक्रांतीची जत्रा होऊन गेली होती, वाळूवर शांतता होती. आत्ताचे मंदिर १९७० च्या दशकातले. त्याच्या आधीची मंदिरे समुद्राने घेतली. दर वेळी देव थोडा आत सरकवायचा आणि पुन्हा देऊळ बांधायचे.

परतीच्या दिवशी अकराच्या सुमारास निघालो. ओहोटी संपत आली होती. पुढच्या भरतीवर स्वार होऊन वर जायचे असा बेत. अर्ध्या तासात इंजिन कण्हले आणि बंद पडले. पंख्यात कुणाचे तरी वाहून आलेले नायलॉनचे जाळे गुंडाळले गेले होते. होडी समुद्राच्या दिशेने जाऊ लागली. माझीदांनी नांगर टाकला. तो आधी घसरला, मग धरला. मी कोयता घेऊन पाण्यात उतरायला निघालो तर त्यांनी माझा दंड पकडला. म्हणाले, या ओढीत कुणीही होडीला धरून राहू शकत नाही. पाणी थबकेपर्यंत बसायचे.

तर आम्ही बसलो. दीड तास. अंगावर जीवरक्षक जाकिटे, हातात दशम्या. नांगराचा दोर ताठ, पाणी दोन्ही बाजूंनी सरसरत जाते आहे. अशा वेळी माणसे मनातले बोलतात. गेली चार वर्षे आमच्या घरात एक विषय अर्धवट लोंबकळत होता. इथे बसलेल्या अनेकांच्या घरात तो असणार. निवृत्तीनंतर इथेच राहायचे की गावी जायचे? देवगडच्या घरात सौ.चा वाटा आहे. तिच्या भावाचे म्हणणे, वाटा मोकळा करून द्या, दुरुस्तीला खर्च येतो, तुम्ही काही येणार नाही. माझेही मत तसेच होत आले होते. मुले बंगळूरला, पुण्याला. त्या कौलारू घराचे करायचे काय? सौ. नांगराच्या दोराकडे बघत एवढेच म्हणाली, "विकायला माझी हरकत नाही. पण ते तिथे आहे, हे मला माहीत असतं, म्हणून मी इथे चाळीस वर्षं सुखाने राहिले."

मी काही उत्तर दिले नाही. एकच्या सुमारास पाणी खरोखरच थबकले. ताठ दोर सैल पडला. माझीदा उतरले आणि पंधरा मिनिटांत जाळे कापून वर आले. मग भरती लागली आणि तिने आम्हाला अलगद वर नेले.

वाटेत घोरामारा बेट लागते. तिथे उतरायचे असे सौ.ने आधीच ठरवले होते. हे बेट एके काळी सागरद्वीपाचाच भाग होते. १९७५ मध्ये त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ चौरस किलोमीटर होते, २०१२ पर्यंत ते साडेचारच्या आसपास आले. जवळचे लोहाचरा बेट तर माणसांच्या वस्तीसकट गेले. नदीचा प्रवाह काठ खालून पोखरतो, समुद्राची पातळी वाढते आहे आणि वादळे येतच राहतात. २००९ मध्ये आयला, २०२० मध्ये अंफान. २६ मे २०२१ ला यास वादळ आले ते नेमके पौर्णिमेला. उधाण आणि वादळ एकत्र आले आणि अख्खे घोरामारा पाण्याखाली गेले. २०११ च्या जनगणनेत तिथे पाच हजारांवर लोक होते. कित्येक कुटुंबे आधीच सागरद्वीपावरच्या वसाहतींत हलवली गेली आहेत.

चिखलातून वर चढलो. पानमळे दिसले, तळी दिसली, शाळकरी मुले दिसली. आपल्या कोकणातल्यासारखेच गाव. बांधावर एक म्हातारी बाई जाळे सोडवत बसल्या होत्या. सौ. त्यांच्याशेजारी बसली. बंगाली माणूस विचारतो तसा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तोमादेर देश कोथाय?" देश म्हणजे मूळ गाव. सौ.ने सांगितले, महाराष्ट्रात, समुद्राकाठी. "घर आछे?" सौ. म्हणाली, "आछे." मग सौ.ने त्यांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी हात उचलून समोर पाण्याकडे बोट केले. "ओइखाने." तिकडे बघितले तर त्या जागेवरून एक मासेमारी ट्रॉलर चालला होता. दोनदा घर मागे सरकवले, हे तिसरे, असे म्हणाल्या. थोरला मुलगा सागरला वसाहतीत, धाकटा केरळात गवंडीकाम करतो. तक्रारीचा सूर नव्हता. जाळे सोडवता सोडवता सांगत होत्या.

मित्रहो, आपण इथे दर वर्षी बोलतो की आपले गाव सुटले. मीही याच व्यासपीठावरून बोललो आहे. पण आपण गाव सोडले, गावाने आपल्याला सोडले नाही. पोटासाठी आलो, मनात आणले तर गीतांजलीचे तिकीट काढून परत जाता येते. घर पडके असेल, भाऊबंदकी असेल, पण एसटीतून उतरल्यावर पायाखाली ती जमीन असते. त्या बाईंचा धाकटा केरळातून सुट्टीला येईल तेव्हा त्याला जन्मघर दाखवायला होडी काढावी लागेल, आणि दाखवायचे ते नुसते पाणी.

चारला तिथून निघालो. भरती सोबत होती. अंधार पडताना डायमंड हार्बर आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीबरोबर कोलकाता. सौ.ने वाटेतच मोबाइलवरून भावाला कळवले, "वाटा असू दे. कौलं फेरायचा खर्च आम्ही अर्धा देऊ." आम्ही राहणार इथेच, या शहरातच. तो प्रश्नही त्याच वेळी सुटला. तुम्ही काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरात काय झाले ते सांगितले.

शेवटी दोन विनंत्या. पहिली अशी की, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा असते. म्हणजे आपले विसर्जन दर वर्षी उधाणाच्या तोंडावर येते, त्यात पावसाळ्याची भरलेली नदी. तेव्हा घाटावर निघण्याची वेळ ढोल-ताशावर न ठरवता आधी भरतीचे कोष्टक पाहून ठरवावी. मुलांना शेवटच्या पायरीवर उभे करू नये. पोलिसांचा भोंगा वाजला की मूर्ती हातात असली तरी मागे यावे, बाप्पा रागावणार नाहीत.

दुसरी विनंती. कुमारटुलीत मूर्तीसाठी माती येते ती याच नदीच्या काठची, होडीतून. आपण ती परत नदीला देतो. येत्या हिवाळ्यात मंडळाची सहल काढायची असेल तर काकद्वीपपर्यंत गाडीने जाऊन, तिथल्या लोकांच्या होडीतून, भांगाच्या दिवसांत घोरामारा पाहून यावे. तिथे प्रेक्षणीय असे काही नाही. पण कुणी "देश कोथाय" असे विचारले तर उत्तर देताना आपल्याला काय वाटते, ते प्रत्येकाने स्वतः अनुभवावे. माझीदा यायला तयार आहेत. तिथी सौ. काढून देईल.

आरतीची वेळ झाली. 

गणपती बाप्पा मोरया!